लेबलं छापायची भाषा

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असताना एके सकाळी आमच्या पॅकहाउसमधल्या कॉम्प्युटरने मान टाकली. लाइट गेली होती, ती परत आली तेव्हा एकदम दाबाने आली. बल्ब लख्खकन पेटून मंद झाले आणि माझ्या टेबलाखालच्या डब्यातून टक् टक् असा आवाज सुरू झाला. हार्ड डिस्क गेली की असा आवाज येतो, हे मी नुसतं ऐकून होते. त्या दिवशी तो स्वतःच्या कानांनी ऐकला.

ही दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. मी नाशिक शहरातली मुलगी. वडील सातपूरला कारखान्यात, आम्ही राहायला सिडकोत. कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि नोकरी शोधत असतानाच लग्न ठरलं. सासर पिंपळगाव बसवंतच्या पुढे, हायवेपासून आत, मळ्यात. सासऱ्यांची स्वतःची बाग होतीच, शिवाय बागेला लागून पत्र्याची मोठी शेड होती. आजूबाजूच्या शेतकऱ्यांची द्राक्षं तिथे यायची. बायका कात्रीने एकेक घड साफ करायच्या, पेट्या भरायच्या, पेट्या थंड खोलीत जायच्या आणि तिथून कंटेनरमध्ये. कंटेनर जायचा बंदरावर आणि पुढे बोटीने युरोपात.

युरोपात माल पाठवायचा तर प्रत्येक पेटीवर लेबल लागायचं. कुठल्या शेतकऱ्याचा, कुठल्या प्लॉटमधला माल, द्राक्षाची जात कोणती, कधी भरला, पेटीचा नंबर काय. हाताने लिहिलेलं चालायचं नाही. पहिल्या वर्षी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, लेबलं प्रेसमधून छापून आणली. प्लॉट बदलला की उरलेली सगळी वाया. दुसऱ्या वर्षी मी भीत भीत म्हटलं, "मी छापून देऊ का?" फुकट मिळणाऱ्या एका कॉम्प्युटरच्या भाषेत मी प्रोग्रॅम लिहिला, लेबलांचा प्रिंटर जोडला आणि ते चालायला लागलं.

तेव्हापासून शेडच्या ऑफिसात खिडकीजवळ मला एक टेबल मिळालं. सकाळचा स्वयंपाक उरकला की मी तिथे जायची. आत्याबाईंना, माझ्या सासूबाईंना, ते फारसं रुचलं नव्हतं. पण "तिच्याबिगर लेबल निघत नाय" असं मामंजी एकदा जेवताना म्हणाले आणि विषय मिटला. त्या टेबलाशी बसले की मी कुणाची सून नसायची. मला माझंच नाव परत मिळायचं. म्हणून ती टक्‌टक् ऐकल्यावर मला पहिली भीती लेबलांची वाटली नाही. पहिली भीती वाटली ती त्या टेबलाची.

प्रोग्रॅम आणि शेतकऱ्यांची माहिती माझ्याकडे फ्लॉपीवर होती, मी ती रोज उतरवून ठेवायची. पण प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिलेला, ती भाषा समजणारं सॉफ्टवेअर डिस्कबरोबर गेलं होतं. दुपारी आमचे हे नाशिकला जाऊन ओळखीच्या दुकानदाराकडून एक जुना कॉम्प्युटर तात्पुरता मागून घेऊन आले. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स होतं, पण फार जुनं. पिंपळगावच्या सायबर कॅफेतून मी ती भाषा तयार स्वरूपात उतरवून आणली, तर कॉम्प्युटर म्हणाला, मी याच्यासाठी फार जुना आहे. नव्या लिनक्सच्या सीडी मागवायच्या तर पुण्या-मुंबईला कुणाला तरी पिटाळावं लागणार होतं आणि कंटेनर दुसऱ्याच दिवशी लागणार होता. एकच रस्ता उरला. त्या भाषेचं मूळ लिखाण, सोर्स, आणायचं आणि आमच्या कॉम्प्युटरला मानवेल असं ते आमच्याच कॉम्प्युटरवर घडवायचं.

मामंजींनी विचारलं, "म्हंजी काय करायचं?"

"बेदाणे तयार मिळत नाहीयेत, मामंजी. द्राक्षं आणून आपणच वाळवायची."

"मंग वाळव की."

आम्ही पुन्हा कॅफेत गेलो. नेट इतकं संथ की दोनदा मधेच तुटलं. शेवटी फाइल उतरली. ती म्हणजे शेकडो फाइलींचं एक गाठोडं. कॅफेवाल्याने ते आपल्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर सोडलं, सीडीवर उतरवलं आणि वर म्हणाला, "ताई, उघडूनच दिलंय, तुमचं काम सोपं केलं." मी त्याचे आभार मानले. घरी आलो तर लाइट गेलेली. तेव्हा लोडशेडिंगचे दिवस, ती सकाळीच आली.

सकाळी मी चहासुद्धा न घेता टेबलाशी बसले. असं सॉफ्टवेअर घडवायचं तर आधी एक स्क्रिप्ट चालवायची असते. ती कॉम्प्युटरला शेकडो प्रश्न विचारते, तुझ्याकडे हे आहे का, ते आहे का, आणि उत्तरं मिळाली की कामाचा आराखडा तयार करते. मी तिचं नाव टाइप केलं. उत्तर आलं, अशी फाइल नाही.

मी फोल्डरची यादी काढली. फाइल होती. पुन्हा चालवली. अशी फाइल नाही. नाव अक्षर अक्षर तपासलं. परवानग्या बदलून पाहिल्या. सीडीवरून सगळं पुन्हा उतरवलं. फाइल डोळ्यांसमोर दिसत होती आणि कॉम्प्युटर ती नाही म्हणून सांगत होता. बाहेर बायका आल्या होत्या, कात्र्यांचा आवाज सुरू झाला होता. आदल्या दिवशीच्या पेट्या थंड खोलीत बिनलेबलांच्या पडून होत्या, त्यात आता आजच्या येऊन पडत होत्या. 

पुण्यात माझी कॉलेजातली एक मैत्रीण कंपनीत कामाला होती. ऑफिसातल्या फोनवरून तिला गाठलं.

"तू ते विंडोजवर उघडलंस का?" तिने विचारलं.

"कॅफेवाल्याने उघडून दिलं."

"मग झालं! प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारं एक अक्षर चिकटलंय. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ती कुणी चालवायची त्याचं नाव असतं. तुझ्या लिनक्सला ते त्या अक्षरासकट वाचायला मिळतंय आणि तशा नावाचं काही त्याच्याकडे नाहीच."

"ते काढायचं कसं? शेकडो फाइली आहेत गं!"

"कागद घे," ती म्हणाली. आणि तिने मला फोनवर लिनक्सच्या शेलमध्ये, म्हणजे आपण हुकूम टाइप करतो त्या काळ्या पडद्याच्याच भाषेत, चार ओळी सांगितल्या. यादीतली प्रत्येक फाइल उचल, ते अक्षर गाळ, परत ठेव. मी त्या तशाच टाइप केल्या. मग ती म्हणाली, "मीटिंग आहे, ठेवते हं," आणि फोन ठेवला. त्यानंतर दिवसभर ती जागेवर सापडली नाही.

स्क्रिप्ट चालली. पडद्यावर प्रश्न सरसरत वर जाऊ लागले, हो, हो, नाही, हो. मला इतकं हायसं वाटलं की मी दारात येऊन यांना हाक मारली. "अहो, चालू झालं!" हे पेट्या मोजत होते. त्यांनी लांबूनच हात वर केला.

आराखडा तयार झाला तशी मी पुढची आज्ञा दिली, आता प्रत्यक्ष घडव. पुन्हा ओळी सरसरू लागल्या. मी घरात गेले, भाकरीच्या पिठात हात घातला आणि मधेमधे येऊन बघत राहिले. दर वेळी पडदा हलताना दिसायचा. काम चाललंय असं समजून मी परत जायची. जेवणाच्या सुमाराला नीट उभी राहून वाचलं तेव्हा लक्षात आलं. हे तर तेच प्रश्न होते. तीच उत्तरं. प्रश्न संपायचे, आराखडा व्हायचा आणि पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात. सकाळ सगळी तो कॉम्प्युटर घाण्याच्या बैलासारखा जागच्या जागी फिरत होता आणि मी मात्र त्याला चालताना बघून खूश होते.

मी वळले. मामंजी दारात उभे होते.

"झालं का, सूनबाई?"

"थोडं राहिलंय."

"सकाळधरनं थोडंच ऱ्हायलंय म्हणतीस."

त्यांच्यामागे सायखेड्याहून आलेले एक शेतकरी काका उभे होते. त्यांचा माल त्या कंटेनरमध्ये जायचा होता. ते आत येऊन भिंतीपाशी उकिडवे बसले आणि पडद्याकडे बघत राहिले, जणू तिथे त्यांच्या बागेवर येणारं आभाळ दिसत होतं. त्यांच्या त्या बघण्याने मला जास्त घाबरायला झालं.

पडद्यावरच्या गर्दीत एक इशारा पुन्हा पुन्हा येऊन जात होता, मी तो वाचलाच नव्हता. या फाइलींची तारीख भविष्यातली आहे. भविष्यातली? मी कॉम्प्युटरची तारीख विचारली. त्याच्या हिशोबाने आम्ही अजून मागच्या शतकात होतो. त्याच्या आतला छोटा सेल संपलेला, त्यामुळे बंद झाला की तो काळ विसरायचा. सीडीवरच्या फाइली त्याच्या दृष्टीने पुढच्या काळातून आलेल्या. मूळ फाइल नेहमीच नवी, घडवलेली नेहमीच जुनी, म्हणून तो बिचारा पुन्हा पुन्हा पहिल्यापासून घडवत होता. मी तारीख बरोबर केली, सगळ्या फाइलींवर आजची तारीख घातली आणि पुन्हा सुरू केलं.

या वेळी खरंच पुढे सरकलं. एकेका फाइलीचं नाव पडद्यावर यायचं, कॉम्प्युटर घुरघुरत थांबायचा, मग दुसरं नाव. किती धिमं! मी प्रत्येक नाव मनात म्हणत होते. बाहेर मोठी गाडी वळल्याचा आवाज आला. कंटेनर आला होता. ड्रायव्हर खाली उतरून यांना सांगत होता, अंधार पडायच्या आत मला निघायला पाहिजे, बंदराचं गेट बंद झालं तर बोट चुकेल.

आणि लाइट गेली.

जनरेटर होता, पण तो थंड खोलीला आणि शेडला जोडलेला. ऑफिसातला यूपीएस नुसता एकदा किंचाळला आणि गप्प झाला. पडदा काळा पडला. मी त्याकडे बघत बसले.  हे धावत आले, दोघांनी मिळून शेडमधून लांब वायर ओढली, कॉम्प्युटर जनरेटरवर घेतला. तारीख पुन्हा गेली होती, ती घातली. जिथे तुटलं होतं तिथून काम पुढे सुरू झालं, आणि मला वाटलं, वाचलो. सगळे तुकडे तयार झाले. शेवटी ते एकत्र जोडायचे राहिले. तिथे कॉम्प्युटरने एका तुकड्याचं नाव घेऊन सांगितलं, हा मला ओळखता येत नाही.

लाइट गेली तेव्हा जे तुकडे लिहिले जात होते ते अर्धवट राहिले होते. फाइली होत्या, पण आत काही धड नव्हतं. कॉम्प्युटरला वाटलं, हे तर झालेलं आहे, म्हणून त्याने त्यांना हातच लावला नव्हता. त्यातले खराब कुठले, हे मला सांगता येईना. एक काढून पुन्हा घडवला तर दुसरा निघाला, मग तिसरा. सगळं पुसून पहिल्यापासून करायचं, हाच उपाय. तेवढा वेळ आता नव्हता.

मी उठून घरामागच्या मोरीत गेले, तोंडावर पाणी मारलं आणि तिथेच भिंतीला टेकून रडले. आत्याबाई चुलीवरचं पाणी घ्यायला आल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं.

"काय झालं गं?"

"नाही होत, आत्याबाई. काही केल्या होत नाही."

त्या मग म्हणाल्या, "जे येतंय ते कर. नाय येत त्याच्या मागं कशाला लागती?" त्यांनी हे मायेने म्हटलं की मी सरळ घरात परत यावं म्हणून, ते मला आजही कळलेलं नाही.

ऑफिसात आले तर मामंजी यांना बोलत होते, शेडमधल्या बायकांना ऐकू जाईल असं. "मी आधीच म्हनलो व्हतो, प्रेसमधनं आनू. ह्या मशीनवर आख्ख्या मालाचा भरवसा टाकला. आता त्या मानसाला काय सांगू? तुझी द्राक्षं ऱ्हायली, कारन आमच्या सुनेचं मशीन रुसलं?" हे मान खाली घालून उभे होते. सायखेड्याचे काका म्हणाले, "जाऊ द्या आबा, पोर सकाळधरनं उपाशी हाय." मला ते शब्द झोंबले. कीव कुणाला हवी होती?

मी खुर्चीत बसले. समोर पडद्यावर ती प्रश्न विचारणारी स्क्रिप्ट उघडीच होती. कुठे अडतंय ते शोधायला मधेमधे मी तीच वरखाली वाचत होते. आणि वाचता वाचता एवढ्या वेळात पहिल्यांदाच मला वेगळा विचार सुचला. ही स्क्रिप्ट कुठल्या भाषेत आहे? शेलच्या. मैत्रिणीने फोनवर सांगितल्या त्या ओळीही त्याच भाषेतल्या. ती भाषा तर या कॉम्प्युटरवर आधीपासून आहे! यादीतली प्रत्येक फाइल उचल, तसं यादीतली प्रत्येक पेटी उचल, नाव छाप, प्लॉट छाप, नंबर एकाने वाढव. मी जिच्या मागे लागले होते ती भाषा मला नकोच होती. मला फक्त लेबलं हवी होती.

"अहो," मी यांना म्हटलं, "ड्रायव्हरला चहा द्या. जरा थांबवून ठेवा."

"होईल?"

"माहीत नाही."

 प्रत्येक ओळ दोनदा चुकत होती. माझ्या प्रोग्रॅमइतकं सुबक काही करायला वेळ नव्हता, नुसत्या ओळी एकाखाली एक. फ्लॉपीवरची शेतकऱ्यांची यादी उतरवली, प्रिंटर जोडला, चालवलं. प्रिंटर कुरकुरला आणि लेबलं बाहेर येऊ लागली. मामंजींनी पहिलं उचललं, दूर धरून वाचलं.

"हे काय? ह्याच्यावर नुसतं नाव हाय."

दुसऱ्या लेबलवर बापाचं नाव. तिसऱ्यावर आडनाव. शेलला मधली मोकळी जागा म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, हे मला ठाऊक नव्हतं. एका माणसाची तीन माणसं झाली होती. शेडमधली कुणी तरी बाई हसली.  पण ही चूक निदान मला कळत होती! नावांमधल्या मोकळ्या जागांच्या जागी मी यादीत खालची रेघ घातली आणि छापायच्या आधी ती परत काढली. पुन्हा चालवलं.

पूर्ण नाव, प्लॉट, जात, तारीख, नंबर. मामंजींनी ते वाचलं आणि पेटीवर चिकटवलं. मग शेडमधल्या सगळ्या बायका कात्र्या ठेवून आल्या. प्रिंटरमधून पट्टी निघत होती, मी फाडून देत होते, एकीकडून दुसरीकडे लेबलं जात होती. सायखेड्याचे काकाही सदऱ्याच्या बाह्या वर सारून पेट्यांना लेबलं लावत होते. मी मान वर करून पाहिलं नाही. लाइट जाईल, रोल संपेल, कुठला तरी नंबर दोनदा येईल, या भीतीने मी प्रत्येक लेबल वाचत होते. कंटेनर निघाला तेव्हा सूर्य मावळलेला होता, पण उजेड होता. बोट मिळाली, हे आम्हाला फोनवर कळलं.

त्यानंतर आठवड्याभरात, एका निवांत दुपारी, मी सगळं पुसून ते घडवणं पहिल्यापासून केलं. मधे लाइट गेली नाही. अगदी सुरळीत झालं. माझा जुना प्रोग्रॅम चालला. मी एकटीच होते, कुणाला हाक मारावीशी वाटली नाही.

हंगाम संपल्यावर मामंजी जेवताना म्हणाले, "पुढच्या साली मुंबईहून तयार मशीन घिऊ. संगं मानूस बी येतो चालवायला. सूनबाईला उगं तरास नको." ते चांगल्या मनाने बोलले होते. मला माहीत होतं, त्या दिवशी मी रडले हे त्यांच्या कानावर गेलं होतं. आत्याबाईंनी माझ्या ताटात भाकरी वाढली.

मी म्हटलं, "मला त्रास नाही झाला, मामंजी."

"झाला गं. आमी बगितला ना."

 त्रास झाला होता हे खरंच होतं. पण जिथे त्रास झाला तिथेच बसायचं होतं, हे कसं सांगणार? मी यांच्याकडे पाहिलं. हे आमटी भुरकत होते.

पुढच्या हंगामात खिडकीजवळ नवं मशीन आलं आणि त्याच्यापुढे एक अनोळखी माणूस बसला. माझा कॉम्प्युटर नवी डिस्क घालून घरात आला, कपाटाशेजारी. वर्षभर मी त्यावर काहीच केलं नाही. मग एकदा यांना म्हटलं, "मी नाशिकला नोकरी बघते." यांनी आधी नाही म्हटलं, मग मामंजींना विचारू म्हणाले. ते विचारेपर्यंत मी मुलाखत देऊन आले होते. तिथे मला विचारलं, तुम्ही कुठे काम केलंय? मी सांगितलं, द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये. समोरचे दोघे एकमेकांकडे बघून हसले. मग त्यातल्या एकाने विचारलं, "आणि तिथे काय करायचात?"

मी सांगायला सुरुवात केली.